लग्नात गोणपाट?

लेकीने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला तेव्हा मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. फोटोत एक परदेशी नवरी, मागे गवताच्या पेंढ्या, लाकडी टेबलावर गोणपाटाची लांब पट्टी आणि जॅमच्या बरण्यांत मेणबत्त्या. "आई, असं. आपल्या वाईच्या शेतावर. एकदम रस्टिक, पण ग्लॅमरस."

मी म्हटलं, "बाळा, हे असं लग्न मी १९९१ सालीच केलंय. तेव्हा त्याला नाव नव्हतं, एवढंच."

वाईहून धोमच्या दिशेला आमचं सासरचं घर आहे. त्याच अंगणात, मे महिन्यात, ताडपत्रीच्या मांडवाखाली माझं लग्न लागलं. हजारभर माणूस. शालू अंगाला चिकटलेला, मुंडावळ्यांचे मोती घामाने गालाला चिकटलेले, जेवणाच्या पंगतीवर धूळ. संध्याकाळी वीज गेली आणि डोक्यावर गॅसबत्त्या धरून माणसं उभी राहिली, त्यांच्याभोवती किड्यांचं मोहोळ. बायकांनी आडोसा म्हणून कुठं जायचं, तर उसात. त्या दिवशी मनाशी ठरवलं होतं, माझ्या मुलीचं लग्न पुण्यात, चांगल्या कार्यालयात, एसी आणि नळाला पाणी असलेल्या ठिकाणी. तीस वर्षं बँकेत काउंटरवर बसून पैसे साठवले ते त्यासाठीच. आणि आता ही बाई मला परत त्याच अंगणात घेऊन निघाली होती.

हे लगेच तिच्या बाजूने झाले. यांना शेताचं नाव काढलं की पुरे. व्याह्यांना फोन केला, ते ठाण्याचे. त्यांना तर आनंदच झाला. राहता राहिली मी, आणि गावातल्या माझ्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे अक्का.

अक्कांना लेकीने तोच फोटो दाखवला. अक्कांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "हे गोणपाट हाय न्हवं?"

"हो मोठी आई. टेबलावर टाकायचं."

"लग्नात गोणपाट?" मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून, "कार्यालय परवडंना व्हय गं? सांग की. आम्ही हाय की समदी."

मी हसले तेव्हा, पण नंतर आठ दिवस ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. अक्का बरोबर होत्या. बाज, कंदील, मातीची भांडी, पिठलं-भाकरी ही ज्यांनी चाळीस वर्षं वापरली, त्यांना ती लग्नात कशाला हवीत? त्यांच्या नातवाचं लग्न झालं साताऱ्याच्या लॉन्सवर. लाल गालिचा, सोनेरी सिंहासनं, धुराचं यंत्र. त्यांच्या हिशेबी थाट तो. आमची लेक पुण्यात नवव्या मजल्यावर वाढली म्हणून तिला शेण-मातीचं कौतुक. साधेपणाची हौस करायलाही आधी साधेपणापासून सुटावं लागतं. लेकीला हे सांगितलं तर तिने मान डोलावली आणि म्हणाली, "मग आई, मोठ्या आईसाठी काय करूया?" पोरगी हट्टी आहे, पण बहिरी नाही.

जागेवरून पहिला वाद. तिला लग्न लावायचं होतं विहिरीजवळच्या जुन्या आंब्याखाली. फोटोत आंबा सुंदरच दिसतो, त्यातून फेब्रुवारी म्हणजे मोहोर. मोठे भाऊजी ऐकत होते. म्हणाले, "पैठणीचं काय करणार?" आम्हाला कळेना. त्यांनी झाडाखाली उभी असलेली मोटारसायकल दाखवली. सीटवरून बोट फिरवलं आणि पुढे केलं. बोटाला पाकासारखं चिकट. मोहोरावर तुडतुडे बसतात, त्यांचा चिकटा दिवसरात्र खाली पडत असतो. येवल्याहून आणलेल्या पैठणीवर तो पडला असता तर मी लग्न अर्धवट सोडून घरी गेले असते.

मग खळं निघालं. मळणीयंत्र आल्यापासून खळं नावालाच होतं, तिथे कडब्याची गंजी आणि मोडका नांगर. पण जागा गोल, सपाट, तिन्ही बाजूंना उघडी आणि पश्चिमेला डोंगर. भाऊजींनीच ते पुन्हा तयार करून दिलं. वरची माती खणून ढेकळं फोडली, पाणी सोडलं, दोन दिवस मुरू दिलं, मग चोपण्याने चोपून चोपून घट्ट केलं. त्यावर शेणाचा सडा आणि तीनदा सारवण. पंधरा दिवस चाललं. चौथ्या दिवशी मी गेले तेव्हा भेगा पडल्या होत्या, मला वाटलं फसलं. पण शेजारच्या म्हाताऱ्या मामींनी मातीत भुसा कालवून त्या भेगा तळहाताने अशा काही बुजवल्या, की शेवटी त्यावर पाण्याचा थेंब टाकला तर मोत्यासारखा थांबत होता. मधोमध जिथे पूर्वी बैल बांधायचा तिवडा असायचा, त्याच खड्ड्यात मुहूर्तमेढ रोवली. हे कुणी ठरवलं नव्हतं. खड्डा होताच, भटजी म्हणाले इथेच रोवा.

खळ्यात चपला घालून जायचं नाही हा अक्कांचा नियम. धान्याची जागा. लेकीने आनंदाने मानला, मला व्याह्यांकडच्या बायकांची काळजी. इतक्या भारी साड्या नेसून अनवाणी? पण त्या दिवशी विहीणबाईंनी सगळ्यांत आधी सँडल काढली. म्हणाल्या, "सुटले बाई."

मुहूर्त गोरज घेतला. एक तर मे महिन्यातल्या माझ्या बारा बाराच्या मुहूर्ताचा मला धसका होता. दुसरं, माझ्या भाच्याला फोटोग्राफीचा नाद आहे. त्याने सांगितलं की सूर्यास्त साडेसहाच्या पुढे असला, तरी तुमच्याकडे डोंगर पश्चिमेला आहे, ऊन त्याआधीच जाईल. तो आदल्या आठवड्यात घड्याळ लावून बसला. खळ्यावरचं ऊन सहाच्या आधीच गेलं, पण त्यानंतर अर्धा तास आभाळात जो उजेड होता, त्यात अक्कांचं जुनं नऊवारीसुद्धा नवं दिसत होतं. सजावटीचं खरं काय ते तिथे ठरलं. मागे काही चमकणारं लावायचं नाही. जमीन शेणाची, मांडव बांबूचा, टेबलावर गोणपाट, सगळं मातीच्या रंगाचं. चमक फक्त माणसांच्या अंगावर. पैठण्या, नथी, ठुशा, चिंचपेट्या, कोल्हापुरी साज, ज्यांच्याकडे जे लॉकरमध्ये आहे ते बाहेर काढा असं मी नातलगांच्या ग्रुपवर स्पष्ट लिहिलं. बँकेत असताना लॉकरच्या किल्ल्या मी सांभाळल्यात. लोक त्यातलं किती कमी घालतात, मला माहीत आहे.

नुसत्या बांबूवर काही तरी हवं होतं. पुण्याच्या सजावटवाल्याने पांढरं परदेशी गवत दाखवलं, एका जुडीची किंमत ऐकून हे उठून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी लेक बांधावरून ओरडली, "आई, ते बघ!" उसाला तुरा आला होता. तीन एकरांवर रुपेरी पिसांचे झुपके वाऱ्यावर डोलत होते. तिला हर्ष झाला. भाऊजींचं तोंड उतरलेलं. तुरा आला की ऊस आतून पोकळ पडायला लागतो, वजन घटतं, आणि कारखान्याची तोड तर अजून आली नव्हती. ज्याला ती सजावट म्हणत होती ते त्यांचं नुकसान होतं. तिने ते ऐकून घेतलं, मग विचारलं, "मोठे बाबा, कापले तर आणखी नुकसान होईल का?" ते म्हणाले, "आता काय व्हायचं ऱ्हायलंय? ने." त्या तुऱ्यांच्या जुड्यांमध्ये झेंडू आणि ज्वारीची कणसं खोचून मांडवाचे खांब सजले. आलेल्या प्रत्येकाने विचारलं, हे कुठून मागवलं. भाऊजी गंभीरपणे सांगत होते, "इम्पोर्टेड हाय."

एक मात्र सांगते, कुणी करणार असाल तर तुरे फार आधी कापू नका. वाळले की त्यांचा कापूस उडतो. मंगलाष्टकांच्या वेळी वाऱ्याची झुळूक आली आणि जावयांचा गडद निळा जोधपुरी सूट मांजर लोळल्यासारखा झाला. अंतरपाट धरलेले दोघे मामा शिंकत होते. फोटोंमध्ये ते बर्फासारखं दिसतं, ठाण्याच्या पाहुण्यांना वाटलं मुद्दाम उडवलं.

बाकीची कंटाळवाणी कामं एका दमात सांगते, कारण निवांत लग्न म्हणजे या कामांची बेरीज. शेतीच्या लाइनला वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री, तिच्या भरवशावर मांडव घालायचा नाही. दोन जनरेटर आणले आणि धडधड ऐकू येऊ नये म्हणून घराच्या मागे लांब ठेवले. फिरती स्वच्छतागृहं सहा, त्यातली चार बायकांसाठी, हा माझा १९९१चा सूड. सोयाबीन काढून रिकाम्या पडलेल्या रानात गाड्या लावायच्या म्हणून ट्रॅक्टरने फळी मारली आणि सकाळी टँकरने पाणी शिंपडलं, बेताचं, नाहीतर गाड्या रुतल्या असत्या. स्पीकर रात्री दहाला बंद, कायदाच आहे तसा, आणि खरं तर बरंच आहे. रोषणाईवाल्याने पिवळे बल्ब कबूल करून निळ्या-पांढऱ्या लुकलुकणाऱ्या माळा आणल्या. पुतण्या आणि त्याचे मित्र वाईच्या बाजारात गेले, मिळतील तिथून पिवळे बल्ब घेऊन दुपारी चारला परत आले. बोहरी आळीतून आणलेल्या चाळीस कंदिलांत रॉकेल कुठून घालणार? मेणबत्त्या ठेवल्या. काचा काळ्या झाल्या नाहीत हा फायदा. विवाहनोंदणी तिथल्याच ग्रामपंचायतीत केली, तीन साक्षीदार आणि भटजींची सही, त्यात एक साक्षीदार अक्का. सही करताना त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, माहेरच्या आडनावासकट.

आणि थंडी. मे महिन्याच्या भीतीने आम्ही पंखे ठरवले होते, प्रत्यक्षात आठ वाजता सगळे कुडकुडत होते. दव पडून खुर्च्या ओल्या. अक्कांनी घरातल्या सगळ्या घोंगड्या काढून बाजांवर टाकल्या आणि ठाण्याच्या मंडळींनी त्या सोडल्याच नाहीत.

जेवणात पिठलं-भाकरी नको असं अक्कांनी बजावलं होतं ("घरी आलेल्याला पिठलं? भाजी न्हाई मिळाली असं म्हणत्याल"). मी त्यांच्या बाजूने होते. मसालेभात, अळूची पातळ भाजी, पुऱ्या, बटाट्याची भाजी, पंचामृत, जिलबी, आणि थंडी बघून मठ्ठ्याऐवजी गरम कढी. मुहूर्ताआधी चार वाजता मात्र हुरडा. आमच्या भागात ऊस आणि हळद, त्यामुळे कणसं माणदेशातून आणली, हंगामाचे शेवटचे दिवस होते. बांधाशी गोवऱ्यांची आगटी पेटवली. भाजलेलं कणीस तळहातावर चोळून, फुंकर मारून, हिरवे मऊ दाणे लसणाच्या चटणीबरोबर समोर यायचे. कांजीवरम नेसलेल्या व्याह्यांच्या बहिणी आगटीभोवती उकिडव्या बसून हात काळे करत होत्या. एकीने तेच हात साडीला पुसले आणि जीभ चावली.

हळदीची हळद घरचीच, गेल्या वर्षीची हळकुंडं. अक्कांनी जात्यावर दळली. यंदाच्या हळदीची काढणी चालूच होती आणि शेजाऱ्यांच्या कढईत ती शिजत होती. तो ओला, मातकट, जरासा तिखट वास दोन दिवस मांडवात होता. अत्तर लावायची गरज पडली नाही.

राहिला अक्कांचा थाट. पुण्या-ठाण्याची माणसं दोनशे वीस. पण गावात भावकीला चूलबंद आवतण, म्हणजे चूल न पेटवता अख्ख्या घराने जेवायला यायचं आमंत्रण, दिल्याशिवाय लग्न झालं असं कोण म्हणेल? म्हणून दुसऱ्या दिवशी गावजेवण, आणि ते पूर्ण अक्कांच्या हाती. रात्री अकराला आम्ही झोपलो. सकाळी उठून बघतो तर अंगणात लाल गालिचा, प्लॅस्टिकच्या गुलाबांची कमान, दोन सोनेरी सिंहासनं, त्यांच्या पाठीवर मोरपिसारा. माझ्या पोटात गोळा. लेक दारात उभी राहून बघत राहिली. मग आत गेली, कालची पैठणी पुन्हा नेसली, नथ घातली आणि सरळ जाऊन सिंहासनावर बसली. एक पाय वर घेऊन. जावयांना हाक मारली, "या ना, मस्त मऊ आहे." आठशे माणसं जेवली. बँडवाल्यांनी दुपारभर वाजवलं. अक्का नव्या इरकलीत, गळ्यात बोरमाळ, प्रत्येक पंगतीत फिरून आग्रह करत होत्या. आणि तेव्हा मला जाणवलं की काल त्या पाहुण्यांसारख्या कोपऱ्यात बसल्या होत्या.

खर्चाचं कुणी विचारतं म्हणून सांगते, कार्यालयापेक्षा कमी आला नाही. थोडा जास्तच आला.

निघायच्या सकाळी मी टेबलावरच्या पट्ट्या गोळा करत होते. पुण्यातून नव्वद रुपये मीटरने आणलेलं साठ मीटर गोणपाट, मेणाचे डाग पडलेलं. म्हटलं आता हे पुण्याला नेऊन काय करायचं. अक्का ओट्यावर दाभण आणि सुतळी घेऊन बसल्या होत्या.

"हिकडं दे. हळद भरायला पोती लागत्यात." एक पट्टी उजेडात धरून त्यांनी अंगठ्याने वीण चाचपली. "ब्येस हाय कापड. केवढ्याला घेतलं?"

मी सांगितलं तीस रुपये.