खिडकीपलीकडचे ज्वारीचे शेत

आठवीच्या वर्गात माझे बाक खिडकीला लागून होते आणि खिडकीपलीकडे ज्वारीचे शेत होते. मराठीच्या बाई बहिणाबाईंची मनावरची कविता शिकवत असतानाच त्या शेतात एक गोऱ्हा शिरला. बाईंनी पुस्तक मिटले आणि त्याला हाकलायला मला पाठवले. मी त्याला बांधापलीकडे घालवून वर्गात टेकतो न टेकतो, तोच तो पुन्हा कणसांत तोंड घालून उभा. असे तीनदा झाले. धापा टाकत परतल्यावर बाई एवढेच म्हणाल्या, "बस आता. तुला अर्थ सांगायला नको."

ती कविता पुन्हा भेटली चाळिशीनंतर. वडील गेले आणि शेत, नोकरी, घर जागच्या जागी असूनही हे सारे कशासाठी, हा प्रश्न पाठ सोडीना, म्हणून इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात बसलो. पहिले तीन दिवस मौन पाळून केवळ श्वासाकडे पाहायचे असते. चार श्वास झाले की माझे मन वडिलांच्या दवाखान्यातल्या खाटेपाशी. परत आणावे, तर पुन्हा तिथेच. दुसऱ्या संध्याकाळी तो गोऱ्हा आठवला आणि स्वतःवर चिडणे थांबले.

मग मेंदूविज्ञान वाचत गेलो. हातात काम नसतानाही मेंदूचे ठराविक भाग कार्यरत असतात, हे मार्कस रेकल यांच्या गटाने २००१ मध्ये मांडले. आठवणी आणि स्वतःविषयीचे विचार यांच्याशी त्या भागांचा संबंध पुढे जोडला गेला. २०१० च्या एका अभ्यासात २,२५० जणांना वेळोवेळी फोनवरून विचारले, तेव्हा सुमारे ४७ टक्के वेळा त्यांचे मन हातातल्या कामावर नव्हते. दुसऱ्याच वर्षी, ध्यानात बसलेल्या अनुभवी साधकांच्या मेंदूत त्याच भागांपैकी मुख्य भाग तुलनेने शांत आढळले. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, तेव्हा मेंदूतल्या हालचालीचे असे चित्रण करणारी यंत्रे नव्हती; अक्षरओळखही नसलेल्या असोद्याच्या या लेकीने मनाचे हे फिरून येणे शेतात राबताना पाहिले होते. मात्र मेंदूतल्या हालचालीला आतून जाणवण्याची जोड का असावी, हा तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९५ मध्ये 'अवघड प्रश्न' म्हणून मांडलेला पेच अजून सुटलेला नाही, आणि त्या खाटेपाशी मला काय जाणवते, हे कोणत्याही चित्रात मला सापडले नाही.

आजही पहाटे बसतो. मन तिथे जातेच. पूर्वी मी ते घाईने ओढून आणायचो, आता क्षणभर थांबतो, तेव्हा वडिलांनी खाटेवरून विचारलेले ऐकू येते, "केळीला पाणी भरलं का रे?" मग उठून मोटार सुरू करायला मळ्यात जातो.