कुस्को : धाप

आज पुन्हा त्याच पायरीवर बसले, कुस्कोच्या सान ब्लास वस्तीतल्या चढावरच्या. काल प्रवासाचा शीण म्हटलं; आज काय म्हणायचं? शेजारून एक आजी पाठीवर रंगीत गाठोडं घेऊन वर गेली, थांबलीसुद्धा नाही. तेव्हापासून मन उतरलंय. इतकी वर्षं वाट पाहिली, आणि वीस पायऱ्यांत छाती धडधडते.

चुकलं ते साधंच. पेरूची राजधानी लिमा समुद्राकाठी, कुस्को ३,४०० मीटरवर, आणि विमानाने सव्वा तासात वर. हवेत ऑक्सिजन तोच २१ टक्के, पण दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू तिसऱ्या हिश्शाने कमी. चिवड्याचं पाकीट फुगून टम्म झालंय. पाणी ८९ अंशांच्या आसपासच उकळतं, चहाला रंगही धड येत नाही. माचू पिचू मात्र २,४३० मीटरवर, इथून जवळजवळ हजार मीटर खाली! खरं तर विमानतळावरून थेट ओयान्ताय्ताम्बो गाव गाठायचं होतं (सुमारे २,८०० मीटर), दोन रात्री काढायच्या, तिथूनच रेल्वेने माचू पिचू, आणि कुस्को शेवटी. नकाशावर सगळं दिसत होतं. त्यावरून काल आम्हा दोघांत जे बोलणं झालं ते लिहीत नाही.

धाप झोपेतही लागते. श्वास अडकल्यासारखा होऊन जाग येते. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, चढायच्या आदल्या दिवसापासून घ्यायची असते, तीही डॉक्टरांना विचारून, सल्फाची अॅलर्जी असेल तर आधी सांगून. कोकाच्या पानांचा चहा बरा वाटतो, पण पानं घरी नेता येत नाहीत. डोकेदुखीबरोबर उलट्या झाल्या किंवा चालताना तोल जायला लागला, तर थांबून पाहायचं नाही, खाली उतरायचं.

संध्याकाळी हातुन रुमियोक गल्लीत गेलो, दहा पावलं चालून एक थांबा. तिथल्या इंका भिंतीतल्या बारा कोनांच्या दगडाला हात लावू देत नाहीत, पण बघता येतं. कुठे चुना नाही. प्रत्येक दगडाची कड सांध्याकडे गोलसर वळवलेली, त्यामुळे सांध्यात सावली साचते. आणि अख्खी भिंत किंचित आत कललेली. १९५०च्या भूकंपात सान्तो दोमिंगोचा मठ बराच ढासळला, त्याखालच्या कोरिकांचाच्या, म्हणजे सूर्यमंदिराच्या, इंका भिंती उभ्या राहिल्या. धाप नसती तर या गल्लीतून दोन मिनिटांत पुढे गेले असते. लागते तर लागू दे.

पुढचा मुक्काम बोलिव्हियातलं ला पाझ; तिथला विमानतळ वरच्या एल आल्तो शहरात, ४,००० मीटरच्या वर. तिथून शहरात उतरायचं, पहिले दोन दिवस चढ चालायचे नाहीत. केबल कार आहे, २०१४पासून. बॅगा त्याने उचलायच्या, ठरलंय.