तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे पैसे देऊन माळवंच खायचं, तर तब्येतीला तरी चांगलं असतं का?

लग्नात, बँकेच्या रांगेत, परवा तर दाढी करताना साबण लावलेल्या तोंडानं मला हा प्रश्न ऐकावा लागला. "शेफ ना तुम्ही? ते भाजीपाल्याचं महागडं हॉटेल तुमचंच ना? मग एक सांगा, एवढे पैसे देऊन माळवंच खायचं तर ते तब्येतीला तरी चांगलं असतं का?" काहीजण चेष्टेत विचारतात, पण काहींच्या खिशात खरंच शुगरचा रिपोर्ट असतो, म्हणून एकदा सविस्तर लिहूनच टाकतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सांगलीत माझ्या 14 खुर्च्या आहेत, आठवड्यातनं तीन रात्री, सात पदार्थ, माणशी 1800 रुपये. मटण नाही, अंडं नाही, आणि दूध-दही-लोणी-तूप पण नाही. इथं पहिली गोची होते. आपल्याकडं शाकाहारी म्हणलं की तूप आलंच, प्लांट-बेस्ड म्हणजे त्याच्याही पुढचं, हे सांगता सांगता माझी निम्मी संध्याकाळ जाते. "म्हणजे भाताला तूप पण नाही?" असं विचारताना माणसाच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघवत नाही, भिलवडीचं दूध हाकेच्या अंतरावर असलेल्या गावात मी हे करतोय.

पैशाचं आधी उरकतो. हुलगा, म्हणजे कुळीथ, मी जतकडनं आणतो, तो काही सोन्याचा भाव नाही. पण त्याचा एक वाटी रस काढायला दोन दिवस जातात. रात्रभर भिजवायचा, सकाळी बारीक गॅसवर चार तास ठेवायचा, पाणी वेगळं काढायचं, त्यात काळपट होईस्तोवर भाजलेला कांदा, सुकं खोबरं, वाळवलेले टोमॅटो घालून परत उकळायचं, गाळायचं आणि मग पाव राहीपर्यंत आटवायचं. मटणाच्या हाडातनं जिलेटिन सुटतं त्यामुळं रस्सा ओठाला चिकटतो, भाजीत ते नसतं, तो दाटपणा डाळी-कडधान्याच्या स्टार्चमधनं आणि आटवण्यातनंच आणावा लागतो. फ्रेंच किचनमध्ये मला हे शिकायला तीन वर्षं लागली आणि आमच्या आईला ते पुरण घातलं की आपोआप जमायचं, कटाची आमटी म्हणजे दुसरं काय असतं हो. तर पैसे त्या दोन दिवसांचे आहेत. पटलं तर या, नाही पटलं तरी काही राग नाही.

आता तब्येतीचं. खरं सांगतो, पहिली दोन वर्षं माझं जेवण तब्येतीला चांगलं नव्हतं.

हे मला कळलं ते मिरजेच्या एका डॉक्टरांमुळं. हार्टचे डॉक्टर, महिन्यातनं एकदा बायकोला घेऊन यायचे, शांतपणे जेवायचे, जाताना नमस्कार करायचे. एकदा म्हणाले, "शेफ, एका माणसाच्या पोटात तुमच्याकडं मीठ किती जातं?" मी म्हणलं, चवीपुरतं. ते म्हणाले, "चवीपुरतं हा आकडा नाही." एवढं बोलून गेले. मला रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी मिठाचा डबा सर्व्हिसच्या आधी वजनकाट्यावर ठेवला, नंतर परत ठेवला. 12 माणसं जेवली होती, 104 ग्रॅम मीठ गेलं होतं. म्हणजे माणशी साधारण साडेआठ ग्रॅम, एका जेवणात, आणि त्यात सोया सॉस आणि मिसो (सोयाबीन आंबवून केलेली खारट जपानी पेस्ट) धरलेच नव्हते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी सांगते.

असं का होतं तेही सांगतो, कारण बाहेर कुठं हे कुणी सांगत नाही. ताटातनं मटण काढलं, लोणी काढलं की शेफ घाबरतो. गिऱ्हाईक म्हणेल चव नाही. मग हात मिठाकडं जातो, सोया सॉसकडं जातो, थोडी साखर, थोडा गूळ, भाजीला चकाकी यावी म्हणून तेल. आणि क्रीमच्या जागी काजू आणि नारळाचं घट्ट दूध. काजू 100 ग्रॅम खाल्ले तर साडेपाचशे कॅलरी होतात, आणि खोबरेल तेलात संपृक्त चरबी, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारी सॅच्युरेटेड फॅट, 80 टक्क्यांच्या वर असते, तुपात ती 60-65 च्या आसपास. म्हणजे तूप टाळलं म्हणून पाठ थोपटून घ्यायची आणि नारळाचं क्रीम पळीपळीनं ओतायचं, असा माझा कारभार चालला होता.

पण मीठ-तेलापेक्षा मोठी गोष्ट मला आक्कांनी दाखवली. आक्का म्हणजे आमच्याकडं भांडी आणि चिराचिरीला असतात, वय साठीच्या पुढं, मूळच्या कवठेमहांकाळकडच्या. तेव्हा मेनूवर मटारचं एक सूप होतं, हिरवंगार, आरशासारखं गुळगुळीत. ते तसं व्हायला मटार शिजवून, मिक्सरला लावून, आधी बारीक चाळणीतनं आणि मग मलमलच्या फडक्यातनं गाळायचं, पिळायचं नाही, आपोआप उतरू द्यायचं. फाइन डायनिंगमध्ये गुळगुळीतपणाला फार मान आहे, जिभेला एक कण लागला तर सीनिअर शेफ ताट परत पाठवायचा, मी त्याच तालमीत वाढलेला. तर फडक्यात तो ओला हिरवा गोळा राहायचा, मटारची सालं सगळी, आणि शेजारी हुलग्याचा उकडून रस काढलेला ढीग. मी रोज ते कचऱ्याच्या बादलीत टाकायचो. एक दिवस आक्कांनी बादलीवर हातच आडवा धरला.

"आन् हे टाकायचं व्हय?"

म्हणलं, आक्का, त्यातला अर्क काढून घेतलाय, आता त्यात काय नाही.

"काय नाही कसं, सगळं हितंच तर हाय." असं म्हणून त्यांनी दोन्ही गोळे परातीत घेतले, ज्वारीचं पीठ, लसूण, हिरवी मिरची, तीळ, मूठभर कोथिंबीर, आणि मळून तव्यावर थालीपीठं थापली, मधी बोटानं भोकं पाडून. स्टाफ जेवण झालं ते. आम्ही पाच माणसं उभ्या उभ्या खात होतो आणि माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला की बाहेर बसलेले लोक 1800 रुपये देऊन स्टार्च, मीठ आणि चकाकी खातायत, आणि ज्याच्यासाठी डॉक्टर भाज्या-कडधान्यं खा म्हणून सांगतात ते इथं बादलीपाशी आम्ही खातोय.

म्हणजे तंतू, फायबर. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये मोठ्या माणसाला दिवसाला किमान 25 ग्रॅम तरी नैसर्गिक तंतू हवेत असं सांगितलं. तंतूमुळं साखर रक्तात हळू जाते, कोलेस्टेरॉल उतरायला मदत होते, आतड्यातले जंतू त्याच्यावरच जगतात. आणि आम्ही शेफ लोक ते फडक्यात अडवतो. ज्वारीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं खाणाऱ्या माणसाला हे शब्द माहीत नव्हते, पण त्यानं काही गाळून टाकलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मग सरळ म्हणा ना की शाकाहार चांगला. तसं पण नाही. आपल्या हायवेचा अख्खा मसूर घ्या. माझ्या मते इस्लामपूर-कऱ्हाड पट्ट्यानं जगाला दिलेली ती सगळ्यात भारी गोष्ट आहे, मी अजून महिन्यातनं एकदा जातो. मसूर उत्तम, प्रश्नच नाही. पण वर बोटभर तर्री आणि सोबत मैद्याची रोटी, तीही एक नसते, चार असतात. प्लांट-बेस्डच आहे की सगळं! भडंग पण प्लांट-बेस्ड, उसाचा रस पण, वडापाव पण. अमेरिकेत अंबिका सतीजा आणि त्यांच्या हार्वर्डच्या सहकाऱ्यांनी दोन लाखांवर लोकांच्या खाण्याच्या अनेक वर्षांच्या नोंदी घेऊन नेमकं हेच तपासलं, 2016 मध्ये डायबेटिससाठी आणि 2017 मध्ये हृदयविकारासाठी. पूर्ण धान्य, भाज्या, फळं, कडधान्यं, दाणे जास्तीत जास्त खाणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका सुमारे 25 टक्के कमी दिसला. आणि मैदा, साखर, बटाटा, गोड पेयं असलाच वनस्पती आहार जास्त असणाऱ्यांत तो 32 टक्के जास्त. हे नोंदींवरचे अभ्यास आहेत, कुणाला डांबून खायला घालून केलेले नाहीत, त्यामुळं अगदी काळ्या दगडावरची रेघ म्हणून धरू नका. पण दोन्हीकडं भर वनस्पतींच्याच खाण्यावर होता आणि तरी एक गट इकडं गेला, एक तिकडं, हे लक्षात राहण्यासारखं आहे.

परदेशातल्या मोठ्या हॉटेलांचं पण विचारतात. पॅरिसचे शेफ आलाँ पासार यांनी 2001 मध्येच तांबडं मांस मेनूवरनं काढलं आणि तरी मिशेलिन या हॉटेलांना दर्जा देणाऱ्या गाइडचे तीन स्टार, म्हणजे सगळ्यात वरचा मान, टिकवले, 2025 मध्ये तर मध सोडून प्राण्यांपासून येणारं सगळंच काढलं. न्यूयॉर्कच्या इलेव्हन मॅडिसन पार्कनं 2021 मध्ये पूर्ण प्लांट-बेस्ड केलं, तीन स्टार राहिले, आणि ऑक्टोबर 2025 पासून मांस परत आणलं, मोठ्या पार्ट्यांची बुकिंगं मिळणं अवघड जातं हे त्यांच्या शेफनीच सांगितलं. ही बातमी मला एका दिवसात अकरा जणांनी पाठवली, "आता तुमचं काय?" म्हणून. माझं काही नाही. मुळात यातल्या कुणी तब्येतीसाठी म्हणून हे सुरू केलं नव्हतं, पासारांना भाजीत नवी कला दिसली, न्यूयॉर्कवाल्यांना पर्यावरणाची काळजी होती. तब्येतीचं लेबल नंतर गिऱ्हाइकांनी चिकटवलं, आणि आम्ही ते निघू दिलं नाही, धंद्याला बरं असतं.

हळदीचंही तसंच. सांगलीचा शेफ म्हणलं की लोकांना हळदीचं काहीतरी औषधी ऐकायचं असतं. हळद आमचा जीव आहे, 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, हरिपूरची हळद साठवायची ती जमिनीतली पेवं 2005 च्या पुरात पाण्यात गेली तेव्हाची हळहळ अजून जुन्या व्यापाऱ्यांच्या बोलण्यात येते. पण ज्याच्यामुळं हळदीला औषधी म्हणतात ते करक्युमिन हळदीत असतं 3 टक्क्यांच्या आसपास, आणि तेही अंगाला फार लागत नाही. बंगळुरूच्या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवलं की मिरीतलं पायपरीन सोबत दिलं तर ते माणसाच्या रक्तात 20 पट वाढतं, पण तो डोस 2 ग्रॅम शुद्ध करक्युमिनचा होता, आमटीतल्या चिमटीचा नाही. म्हणून मी हळद रंगाला आणि वासाला घालतो. 'इम्युनिटी' हा शब्द मेनूवर लिहा असं सुचवणाऱ्या भाच्याला मी चहा पाजून घरी पाठवला.

आणि एक, हे मात्र सिरियसली. माझ्याकडं एक रात्र जेवून तीन जणांनी दूध-तूप कायमचं सोडलं, एकानं तर मला फोन करून सांगितलं, आनंदानं. मला घाम फुटला. बी-12 हे जीवनसत्त्व वनस्पतीत मिळत नाही. आपल्यासारख्यांचं ते थोडंफार दूध-दह्यातनं यायचं, ते पण बंद केलं तर गोळी घ्यावीच लागते, नाहीतर पुढं हातापायाला मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा. रक्त तपासा, डॉक्टरांशी बोला, मी स्वयंपाकी आहे. आणि शुगर-बीपीची गोळी चालू असणाऱ्यांनी खाणं एकदम बदलायच्या आधी तर विचाराच.

मग आता काय करतो? मीठ सगळ्यात शेवटी घालतो, कारण रस आटला की मीठपण आटून घट्ट होतं, हे इतकं साधं मला आधी सुचलं नव्हतं. आंबटाचा हात वाढवला, चिंच, कोकम, अंबाडी, त्यानं मिठाची भूक कमी होते. कृष्णाकाठची वांगी आधी वाफवून घेतो, वांगं म्हणजे स्पंज असतो, कच्चं तेलात टाकलं की पिऊन टाकतं, वाफेनं आतली पोकळी बसली की निम्म्या तेलात भागतं. काजूच्या जागी भिजवलेले तीळ आणि शेंगदाणे. परत वजनकाटा लावला तेव्हा माणशी साडेतीन ग्रॅम मीठ आलं, सगळं धरून. डॉक्टरांना सांगितलं. "हां, हा आकडा आहे," म्हणाले, आणि मग बायकोकडं बघत हळूच, "पण मागची चव जरा जास्त होती."

मटारचं सूप आहे अजून, पण गाळत नाही. दोन टेबलांनी तक्रार केली की जिभेला लागतं. हुलग्याचा रस मात्र गाळावाच लागतो, आणि त्याचा चोथा आता बादलीत जात नाही. सहावा पदार्थ म्हणून आक्कांचं थालीपीठ जातं, तळहाताएवढं, सोबत जवसाची चटणी. आक्कांना त्याचं मेनूवर नाव दिलेलं आवडत नाही, "थालपीठ ल्हिवा की सरळ" म्हणतात, तेवढंच लिहिलंय. दुसऱ्यांदा मागितलं जाणारं ते एकमेव ताट आहे आणि त्याचे जादा पैसे मी लावत नाही. फक्त त्याच्यावर लोणी मागू नका, मिळणार नाही, आक्कांनी पण मागून बघितलंय.