सत्तेचाळीस म्हटलं की चौऱ्याहत्तर

काड्यांचे गठ्ठे आमच्या वर्गात रोजचेच. दहा काड्यांना रबर लावला की एक दशक, उरलेल्या सुट्ट्या. त्या सोमवारी तिसरीच्या वर्गात बेरजेची उजळणी चालली होती. मी एका नव्या मुलीला म्हटलं, "बाळा, सत्तेचाळीस काड्या घेऊन ये." ती पेटीपाशी गेली आणि सात गठ्ठे आणि चार सुट्ट्या काड्या घेऊन आली. माझ्या टेबलावर नीट ओळीत मांडल्या आणि उभी राहिली.

ही मुलगी अर्ध्या सत्रात आमच्या शाळेत आली होती. घरी तेलुगू, आधीची शाळाही तेलुगू. मराठी तिला समजायला लागली होती, पण बोलायला ती कचरायची. तिच्या नोंदवहीत महिन्याभरापूर्वी मीच लिहिलं होतं, 'स्थानिक किंमत समजलेली नाही'. टेबलावरचे सात गठ्ठे पाहून पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की नोंद बरोबर आहे.

रागवायच्या ऐवजी मी तिला काड्या मोजायला सांगितलं, ते केवळ मला दुसऱ्या मुलांकडे वळायला वेळ हवा होता म्हणून. ती तिच्या भाषेत मोजू लागली. गठ्ठ्यांवर बोट ठेवून शेवटी म्हणाली, "डेब्बै", मग सुट्ट्यांवर, "नालुगु". डेब्बै नालुगु. सत्तर चार. मी थांबले. पेटीतून चार गठ्ठे आणि सात सुट्ट्या काढून तिच्यापुढे ठेवल्या. "नलभै एडु," ती लगेच म्हणाली. मी विचारलं, नलभै कुठे आहे? तिने चार गठ्ठ्यांवर तळहात ठेवला. एडु? सात काड्या उचलून दाखवल्या.

जिला स्थानिक किंमत समजत नाही ती मुलगी असं करू शकत नाही. तिला दशक कळत होतं, एकक कळत होतं. कळत नव्हता तो आपला मराठी शब्द. 'सत्तेचाळीस' यात सात आधी येतात, चाळीस नंतर. तिच्या भाषेत चाळीस आधी, सात नंतर. तिने जे आधी ऐकलं ते आधी मांडलं.

मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून मी सकाळचं श्रुतलेखन पुन्हा काढलं. वीस संख्या, त्यातल्या तिच्या तीन बरोबर. लाल पेनने १७ फुल्या मीच मारल्या होत्या. आता मी फुल्या सोडून उत्तरं वाचली. तेरा संख्यांत अंकांची अदलाबदल होती. छत्तीसचे ६३, चौऱ्याऐंशीचे ४८. बावन्नचे तिने २५ लिहिले होते. 'बावन्न' या शब्दात पन्नास नीट ऐकूही येत नाही, तरी तिने तो ओळखला होता. त्यामागे किती कष्ट असतील!

उरलेल्या चार चुका जास्त बोलक्या होत्या. एकोणतीसचे १३, एकोणचाळीसचे १४, एकोणसाठचे १६, एकोणऐंशीचे १८. एक आणि तीस, एक आणि चाळीस. 'एकोण' म्हणजे एक ऊन, एकाने कमी, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी तरी कुठे सांगितलं होतं? शब्द संस्कृतातून आला, आपल्या कानाला सवयीचा झाला, आणि त्यात एक वजाबाकी दडलेली आहे हे आपण विसरून गेलो.

आणि बरोबर आलेल्या तीन संख्या कोणत्या? ४०, ६६ आणि ९०. दोन पूर्ण दशकं, आणि एक अशी संख्या की जी उलटी केली तरी तीच राहते. वीसच्या वीस उत्तरांत एकही चूक अंदाधुंद नव्हती. त्या मुलीने एक नियम धरला होता आणि तो शेवटपर्यंत पाळला होता.

मग मी बाकीच्या वह्याही त्याच नजरेने पाहिल्या. घरी मराठीच बोलणाऱ्या मुलांनीही एकोणऐंशीचे ८९ केले होते. ऐंशी ऐकू आलं, 'एकोण'मुळे नऊ आठवले, झालं. श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलाने पंचावन्नच्या जागी ९५ लिहिलं होतं. पंचावन्न आणि पंच्याण्णव हे शब्द मोठ्याने म्हणून बघा. सत्तावन्न-सत्त्याण्णव, त्रेपन्न-त्र्याण्णव, सगळ्या जोड्या तशाच. त्याच्या बाबतीत चूक माझी होती, कारण संख्या सांगताना मी वर्गभर फिरत होते आणि निम्म्या वेळा माझी पाठ त्याच्याकडे होती.

दुपारच्या तासाला ठरलेला धडा मी घेतला नाही. फळ्यावर ४७ लिहिलं आणि विचारलं, हे तुमच्या घरी कसं म्हणतात? आधी हसाहशी झाली. मग एकेक हात वर आला. सत्तेचाळीस, सैंतालीस, कन्नडमधलं नलवत्तेळु. शेवटी मी तिच्याकडे पाहिलं. ती उभी राहून म्हणाली, "नलभै एडु." माझ्याकडे दोन प्रकारची कार्डं आहेत. लांब कार्डांवर १० ते ९० ही दशकं, आखूड कार्डांवर १ ते ९. ४० च्या शून्यावर ७ चं कार्ड ठेवलं की ४७ दिसतं, उचललं की खालचे चाळीस परत दिसतात. प्रत्येक भाषेत ज्या क्रमाने शब्द येतात त्याच क्रमाने कार्डं लावायची, असा खेळ सुरू झाला. मराठी आणि हिंदीच्या मुलांचं आखूड कार्ड आधी उचललं गेलं, कन्नड आणि तेलुगूचं लांब. कार्डं जागेवर बसली की सगळ्यांचे ४७ एकच.

"म्हणजे आपण उलटं बोलतो आणि सुलटं लिहितो!" मागच्या बाकावरून एक मुलगा ओरडला. हा मुलगा गणितात सगळ्यांच्या पुढे असतो आणि म्हणून लवकर कंटाळतो. त्याला मी काम दिलं, की 'एकोण'चा नियम कुठपर्यंत चालतो ते शोध. १९ पासून ८९ पर्यंत त्याला सगळं सुरळीत सापडलं आणि ९९ वर तो अडकला. एकोणशंभर नाही, नव्याण्णव! त्याच्या शेजारच्या हिंदी बोलणाऱ्या मुलीने सांगितलं की त्यांच्यात ८९ लाच नियम मोडतो, उनतीस, उनसठ चालतं पण पुढे नवासी आणि निन्यानवे. दोघं तास संपेपर्यंत त्यावर बोलत बसली. एकाच प्रश्नात काड्या मोजणारं मूलही रमतं आणि पुढे धावणारंही, असा प्रश्न रोज सापडत नाही. त्या दिवशी तो मुलांच्या घरूनच आला होता.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसबरोबर 'वीस एक' असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना तेव्हा बरंच ऐकून घ्यावं लागलं. मीही विरोध करणाऱ्यांतच होते. आपले शब्द जातील, ही भीती मला खरीच वाटत होती. आज माझं मत असं आहे की एकवीस जाता कामा नये, बाजारात, घरात, गोष्टीत तेच हवं. पण ज्या मुलाला लिहिताना अडतं त्याला 'चाळीस सात' म्हणू द्यावं, जोपर्यंत त्याला त्या शिडीची गरज आहे तोपर्यंत. नॉर्वेने तर १९५१ मध्ये संपूर्ण देशासाठी 'एक आणि वीस' ऐवजी 'वीस एक' अशी अधिकृत पद्धत आणली आणि त्यामागचं एक कारण दूरध्वनी क्रमांक सांगताना होणाऱ्या चुका हे होतं. मोठी माणसंही चुकतच होती की. जर्मन मुलं आजही आपल्यासारखीच एकक आधी म्हणतात आणि दशक आधी लिहितात.

श्रुतलेखन मी बंद केलं नाही, पद्धत बदलली. संख्या सांगताना एका जागी, मुलांकडे तोंड करून उभी राहते. संख्या पूर्ण ऐकून होईपर्यंत सगळ्यांच्या पेन्सिली बाकावर. मी मनात तीन मोजते आणि मग म्हणते, "लिहा." तीन सेकंदांची ही कल्पना माझी नाही. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम सेकंदभर थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलं जास्त आणि चांगलं बोलतात. डी. एड.ला असताना मी हे वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. वर्गात तीन सेकंद फार लांब वाटतात. पण एकक ऐकून ते लक्षात धरायचं, दशकाची वाट पाहायची, मग दशक आधी लिहायचं, एवढं काम त्या छोट्या डोक्यात चाललेलं असतं. त्याला तेवढा वेळ लागतोच.

नोंदवहीतलं ते वाक्य मी खोडलं. त्याखाली लिहिलं, 'स्थानिक किंमत पक्की. मराठी संख्यानामांचा क्रम शिकते आहे.'

शुक्रवारी मी तिला म्हटलं, आज तू सांग, मी लिहिते. सगळा वर्ग गोळा झाला. ती तेलुगूत संख्या सांगायची आणि मी फळ्यावर लिहायची. पहिल्या दोन जमल्या. तिसरी आली "तोंभै आरु", म्हणजे नव्वद सहा, आणि माझा हात 'तोंभै' ऐकताच ७ कडे वळला. डेब्बै आणि तोंभै माझ्या कानात एकच होत होते. ७६ लिहून मी मागे वळले तर ती मान हलवत होती. तिने माझ्या हातातला खडू काढून घेतला आणि टेबलावर ठेवला.

"बाई, परत ऐका," ती मराठीत म्हणाली. तिने संख्या पुन्हा सांगितली, एकेक करून तीन बोटं उघडली आणि मगच खडू माझ्याकडे दिला.