वाऱ्याला पाठ

'वारा येईल तशी पाठ द्यावी' ही म्हण आपण तत्त्वशून्य माणसांसाठी राखून ठेवली आहे. विंडसर्फिंगमध्ये, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभं राहून पाण्यावर सरकण्याच्या खेळात, मात्र तोच पहिला धडा. बोर्डवर, म्हणजे त्या फळीवर, डोलकाठीच्या दोन्ही बाजूंना पाय रोवायचे, पाठ वाऱ्याकडे करायची आणि पाण्यात आडवं पडलेलं शीड दोरीने वर ओढायचं. हिसका देणाऱ्याला शिडावरचं सगळं पाणीही उचलावं लागतं. थोडं उचलून थांबलं, की पाणी ओघळून जातं आणि शीड निमूट वर येतं. तोवर आपण बऱ्याचदा पाण्यात. शिकायची जागा तळं असल्यामुळे डोळे खाऱ्या पाण्याने चुरचुरत नाहीत, एवढीच मेहेरबानी.

या वाहनाला सुकाणू नाही. डोलकाठी बुडाशी हव्या त्या बाजूला कलणाऱ्या सांध्यावर उभी असते. शीड पुढे झुकवलं की बोर्डचं नाक वाऱ्यापासून दूर जातं, मागे झुकवलं की वाऱ्याकडे येतं. हॉयल श्वायट्झर आणि जिम ड्रेक या दोन अमेरिकनांनी अशा बोर्डचं पेटंट घेतलं होतं. इंग्लंडमधल्या न्यायालयाने ते १९८० च्या दशकात तिथल्यापुरतं रद्द ठरवलं. कारण पीटर चिल्व्हर्स नावाच्या बारा वर्षांच्या मुलाने १९५८ मध्येच तसली फळी पाण्यात घातली होती. शिकाऊ माणसाने हे लक्षात ठेवू नये. फार अपमान वाटतो.

तळ्यावरचा वारा सरळ येत नाही. टेकडीला वळसा घालून, झाडांच्या रांगेवरून उडी मारून, तुकड्यातुकड्यांनी येतो. झाडांच्या आडोशाला शीड मलूल लोंबतं, आणि आडोसा संपला की पुढचा झोत अंगावरच. वेग दुप्पट झाला तर शिडावरचा जोर चौपट होतो, त्यामुळे हा झोत आधी दिसलेला बरा. तो दिसतोही: पाण्यावर काळपट, बारीक सुरकुत्यांचा पट्टा सरकत येतो. तो दिसताच मागचा हात ढिला करायचा. शीड रिकामं होतं, बोर्ड थांबतं. सोडून देणं हाच ब्रेक, पण घाबरलेला माणूस नेमकी बूम, म्हणजे शीड धरायची आडवी दांडी, घट्ट धरतो.

सर्वांत फसवा तो काठावरून आत वाहणारा वारा. काठाशी अगदी सौम्य, मध्यावर जोरदार, आणि परतायचं त्याच्याच तोंडावर. वारा येतो त्या दिशेच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांपर्यंत शीड काही कामाचं नाही. तिरके फाटे मारत, दर फाट्याला थोडंथोडं वाऱ्याकडे सरकत यावं लागतं. म्हणून जाणती माणसं आधी वाऱ्याकडे चढून घेतात, मग मजा करतात.

शिकाऊ लोकांनाही हे सांगितलेलं असतं. पण पहिली चांगली झुळूक शिडात भरली, बोर्डखाली पाणी खळखळू लागलं, की कोण ऐकतो! मग पलीकडच्या काठाने चिखल तुडवत पायी परतणं आलं. नवख्यांचं बोर्ड आकारमानाने चांगलं दीड-दोनशे लिटरचं असतं, आणि ते काखेत मावत नाही.