बार्शी लाईटचा डबा कुठल्या रंगाचा होता?

मध्यंतरी एका गुरुवारी एका साध्या प्रश्नाने माझी झोप उडवली. प्रश्न एवढाच होता, "मग, रंग कुठला द्यायचा?"

रंग द्यायचा होता बार्शी लाईटच्या, म्हणजे मिरज ते लातूर धावणाऱ्या जुन्या अरुंद रुळांच्या (नॅरोगेज) गाडीच्या, डब्याच्या मॉडेलला. सोलापूर, लातूर, पंढरपूरकडच्या मंडळींना ही गाडी काय होती ते मी नव्याने सांगायची गरज नाही, बाकीच्यांनी आपल्या सासुरवाडीला नाहीतर एखाद्या वारकऱ्याला विचारावं. मी आता इंग्लंडमध्ये लीड्सला असतो, नऊ वर्षं झाली, आणि गेली तीन वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी इथल्या एका मॉडेल रेल्वे क्लबात जातो. तिथे नॅरोगेजवाल्यांचा वेगळा कोपरा आहे, सहा-सात जण, बहुतेक निवृत्त, आणि त्यात मी एकटा आपल्याकडचा. तिथेच मी हा डबा बनवतोय, पितळेच्या पत्र्यापासून, अगदी शून्यातून.

प्रश्न विचारणारे गृहस्थ पंच्याहत्तरीचे, आयुष्यभर कारखान्यात फिटरचं काम केलेले. क्लबात सगळे त्यांना नावाने हाक मारतात पण माझी जीभ काही वळत नाही, म्हणून मी नाव घेणंच टाळतो, इथे लिहिताना काका म्हणतो. काकांनी भारत बघितलेला नाही. पण बार्शी लाईटबद्दल त्यांना जे माहीत आहे ते मला बार्शीत वाढून माहीत नव्हतं, आणि हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा खरं सांगतो, राग आला होता. म्हणजे आमच्या घराजवळची गाडी आणि हा माणूस मला सांगणार की ती बांधणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने तिच्या कुठल्याही डब्याच्या, वॅगनच्या किंवा इंजिनाच्या एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ दिला नाही, म्हणून रूळ हलके चालले, म्हणून इंजिनाला एकमेकांना जोडलेली आठ चाकं आणि मागे आणखी चार द्यावी लागली. मी गप्प ऐकून घेतलं. घरी येऊन शोधलं तर सगळं बरोबर.

आणि त्याहून मोठा धक्का म्हणजे ती पहिली इंजिनं लीड्समध्येच बनली, किटसन कंपनीत. भारतात पाठवण्याआधी १८९७ साली त्या गाडीची चाचणी न्यूले नावाच्या ठिकाणी खास रूळ टाकून घेतली होती. न्यूले माझ्या घरापासून चालत अर्ध्या तासावर! कालव्याच्या काठाने मी तिथून शंभर वेळा तरी गेलो असेन, पावसात घरची आठवण येऊन डोकं जड झालं की मी त्याच रस्त्याने चालायला निघतो, आणि तिथेच कुठेतरी बार्शीची गाडी बार्शीला जायच्या आधी धावली होती. आता तिथे त्यातलं काही दिसत नाही. पण हे कळल्यावर मी ठरवलं की करायचं तर हेच मॉडेल करायचं, तोपर्यंत मी इतरांसारखी वेल्सच्या पाटीच्या दगडाच्या खाणीतली गाडी बनवत होतो, छान होती, पण माझी नव्हती.

सुरुवात मी सोप्या वाटेने केली. बाजारात मिळणारं एक इंग्लिश नॅरोगेज डब्याचं प्लास्टिकचं किट आणलं, बारीक करवतीने कापलं, लांबी वाढवली, दारं बुजवली, फिलर लावून घासलं. महिनाभर घालवला. डबा झाला पण तो बार्शीचा दिसेना, त्याच्या खिडक्या थंडीच्या देशातल्या होत्या, छोट्या, काच बंद. आपल्या डब्याला उघडेपणा असतो तो कापून चिकटवून येत नाही. काकांनी तो हातात घेतला, फिरवून बघितला, वाईट काही बोलले नाहीत. पुढच्या गुरुवारी पितळेचा पत्रा घेऊन आले, पाव मिलिमीटर जाडीचा, आणि म्हणाले आता झाळकाम शिक.

झाळकामावर मी वेगळा लेख लिहू शकेन. मला वाटायचं सोल्डरिंग म्हणजे रेडिओ दुरुस्तीवाला करतो ते, टोक टेकवायचं, तार वितळवायची. पत्र्याचं तसं नाही. डब्याची बाजू तळाला जोडताना एका टोकाकडून सरळ झाळत गेलात तर उष्णतेने पत्रा ताणतो आणि मधे फुगतो, मग तो डबा जन्मभर पोट सुटलेला. आधी दोन्ही टोकांना एकेक ठिपका, मग बरोबर मधे एक, मग त्या मधल्या जागांच्या मधे, असं करत यायचं आणि प्रत्येक ठिपक्यानंतर थांबायचं, हात लावून बघायचा, गार झाला की पुढे. काका बोट टेकवतात आणि डोळे मिटतात. मी त्यांना विचारलं डोळे का मिटता, तर म्हणाले वाक आहे का ते बोटाला आधी कळतं. मी करून बघितलं, खरंच कळतं. रिव्हेट तर पत्र्याच्या मागून सुईने एकेक दाबून उठवायचे, फूटपट्टीला टेकवून, एक चुकला की सगळी ओळ दारुड्यासारखी दिसते, मग पत्रा टाकून द्यायचा. मी चार टाकले. झाळून झालं की झाळ नीट धरावी म्हणून लावलेला आम्लाचा फ्लक्स गरम पाण्याने ब्रशने धुवायचा, हे मी एकदा आळसाने केलं नाही तर पुढच्या गुरुवारपर्यंत सगळे सांधे हिरवे.

आणि कधीही, एकदाही, त्यांनी माझ्या हातातून काम ओढून घेतलं नाही. मला हे फार मोठं वाटतं. मी इंजिनिअरिंगला होतो तेव्हा वर्कशॉपमध्ये आमचा जॉब बिघडला की शिकवणारे हातातून घेऊन स्वतः फाईल मारून द्यायचे आणि आम्ही सुटलो म्हणून खूश. त्यांचंही चूक नव्हतं, साठ पोरं आणि चार व्हाइस, प्रत्येकाला चार पत्रे वाया घालवू दिले असते तर वर्ष संपलं नसतं. पण शिकायचं राहिलं ते राहिलंच.

मापाचं सांगतो कारण विचारणारे विचारतील. आमचा स्केल एक फुटाला सात मिलिमीटर, म्हणजे साधारण ४३.५ पट लहान. बार्शी लाईटचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फूट, ७६२ मिलिमीटर, म्हणजे मॉडेलचा रूळ साडेसतरा मिलिमीटर रुंद हवा. बाजारात मिळतो साडेसोळाचा. एक मिलिमीटर कमी. बहुतेक लोक हे चालवून घेतात कारण तयार रूळ आणि तयार चाकं मिळतात, मीही घेतलं, पण माझ्या मनाला ते लागून राहिलंय. घरचं मॉडेल आणि त्यातच तडजोड. पुढच्या वेळी रूळही हाताने टाकणार.

तर रंग. काकांनी विचारलं आणि मी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. आठवेना. कृष्णधवल फोटो त्यांच्याकडेही आहेत, त्यातून रंग कळत नाही, म्हणून तर त्यांनी मला विचारलं, मोठ्या अपेक्षेने, की हा तर त्यात बसलेला माणूस. मी म्हणालो घरी विचारून सांगतो.

आईला फोन केला. ती म्हणाली, "अरे गाडीचा रंग कोण बघत बसतंय, जागा मिळते का ते बघायचं." मग जरा विचार करून म्हणाली लालसर, गेरूसारखा. मामाला केला तर तो ठामपणे म्हणाला निळा. दोघांची जुंपली, फॅमिली ग्रुपवर दोन दिवस तेच चाललं होतं.

मला आईचं ते पहिलं वाक्य सोडवत नाहीये. इथे लोक गाडीचे रिव्हेट मोजतात, आणि मी त्यांचा मान ठेवूनच बोलतोय. कॅलथ्रॉपनेच इथे स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अडीच फुटी लाईन बांधली, १९०४ ला सुरू, १९३४ ला बंद, जेमतेम तेरा किलोमीटर. मी मुद्दाम जाऊन आलो, रूळ कधीच उखडलेत, तिथे आता चालायचा आणि सायकलचा रस्ता आहे, दरी फार सुंदर आहे. तीस वर्षं चाललेल्या त्या गाडीची मॉडेल किट मिळतात, रंगाच्या छटेवर लोक तासन्‌तास बोलतात. आमची गाडी मिरजेपासून लातूरपर्यंत सव्वातीनशे किलोमीटर, शंभर वर्षांच्या वर चालली, आषाढीला टपावर माणसं घेऊन पंढरपूरला गेली, तिचा रंग आम्हाला सांगता येत नाही. याची लाज वाटावी का? मला आधी वाटली. मग वाटलं, का वाटावी? ज्या गाडीने दवाखान्यात जायचं, बाजाराला जायचं, माहेरी जायचं, तिच्याकडे लांबून उभं राहून बघायला वेळ कुणाला होता. ब्रॉडगेज झालं तेव्हा आमच्याकडे कुणी रडलं नाही, लातूरहून थेट मुंबईची गाडी मिळाली, लोकांना बरंच वाटलं. मी तेव्हा पुण्यात होतो, परीक्षा होती, शेवटच्या गाडीला गेलो नाही. परीक्षा महत्त्वाचीच होती, त्याच परीक्षेमुळे मी आज इथे आहे. तरी जायला हवं होतं असं आता वाटतं, एक दिवसाचा तर प्रश्न होता.

एक नियमाचं राहिलं. क्लबाचं प्रदर्शन असतं त्या हॉलमध्ये विजेच्या प्रत्येक वस्तूवर तपासणीचा स्टिकर लागतो, मॉडेलची गाडी चालवायचा माझा घरून आणलेला कंट्रोलर त्यामुळे त्यांनी प्लगला लावू दिला नाही. मी गणपतीच्या मांडवाचं वायरिंग पाच वर्षं केलंय, एकदा फ्यूज उडालेला नाही, हे तिथे सांगून उपयोग नव्हता. तपासून घेतला, त्यात एक वायर खरंच सैल निघाली. असो.

पुढच्या गुरुवारी काकांना सांगितलं की घरात दोन मतं आहेत, लाल आणि निळा. मला वाटलं निराश होतील. ते म्हणाले, "कुठल्या वर्षीचा डबा बनवतोयस?" आणि मग लख्ख झालं. आपले डबे वर्षानुवर्षं लाल-तपकिरी होते, निळे नंतर झाले, आईचं आणि मामाचं दोघांचंही बरोबर असू शकतं, दोघं वेगवेगळ्या वर्षांतल्या गाडीत बसलेत. मॉडेल नुसतं गाडीचं नसतं, एका दिवसाचं असतं. मी १९९१ धरलं. तेव्हा मी सात वर्षांचा, आजीबरोबर कुर्डुवाडीला गाडी बदलून पंढरपूरला गेलो होतो, मोडनिंबला तिने बोरं घेतली होती, कागदाच्या पुडीत. म्हणजे लाल-तपकिरी. तोही रंगाच्या डबीतून काढला तसा नाही लावायचा, लहान वस्तूवर खरा रंग जास्त गडद दिसतो, म्हणून थोडा राखाडी मिसळून उतरवायचा, आणि वर धूळ, आपल्याकडची, टपावर जास्त आणि दाराच्या कडीजवळ हातांनी पुसलेली.

रंगाआधीचा राखाडी प्रायमर मारून झाला तसा शनिवारी मामाला व्हिडिओ कॉलवर डबा दाखवला. त्याने चष्मा लावला, फोन तोंडाजवळ नेला आणि बराच वेळ बघून म्हणाला, "गज कुठायत रे खिडक्यांना?"

मी बघतच राहिलो. गज! चार महिने खिडक्यांची चौकट घासतोय, कोपऱ्यांची गोलाई जुळवतोय, आणि गज विसरलो. आणि त्याने गज म्हटल्याबरोबर मला ते तळहातात आठवले, उन्हाने तापलेले, आडवे, हात सोडला की हाताला लोखंडाचा वास यायचा आणि आजी त्याच हाताने बोरं खाऊ द्यायची नाही. रंग नव्हता आठवत, हे आठवलं.

मामाच्या मते एका खिडकीला चार गज, आई तीन म्हणते, या वेळी मी मामाचं ऐकलं कारण तो म्हणाला चौथ्यावर मी पाय ठेवून वर चढायचो. ०.३ मिलिमीटरची पितळी तार मागवलीय. एका बाजूला दहा खिडक्या, दोन बाजू, ऐंशी गज, प्रत्येकाला दोन भोकं, म्हणजे एकशे साठ, हाताच्या ड्रिलने. आजपर्यंत बावीस झालीत.