अजून तिथंच आहेस का?

लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न हमखास येतो. वाढपी जिलेबीचं ताट घेऊन पुढे सरकलेला असतो आणि शेजारचा पाहुणा, घरातल्या आजारी माणसाची चौकशी करावी तशा आवाजात विचारतो, "कारखान्यातच का अजून?" त्या 'अजून'वर थोडा जोर असतो. मी मान हलवतो. तो जिलेबीचा तुकडा मोडतो आणि विषय पावसाकडे नेतो. आमचे पंधरा महिन्यांचे पगार थकले होते, आमचा सहकारी साखर कारखाना दोन हंगाम बंद होता, आता तो भाड्यानं चालतो, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे. ते मी पुन्हा सांगत बसणार नाही.

मेहुण्यानं विचारून झालं, मुलीनं विचारून झालं. पीएफ ऑफिसातल्या क्लार्कनं काचेपलीकडून माझं पासबुक बघून विचारलं, "काका, तुम्ही तरी का थांबलात?" त्या 'तरी'चा अर्थ मला अजून लागलेला नाही. एवढ्या जणांनी विचारलंत म्हणून लिहितो.

मी पॅनमन आहे. उसाच्या रसाचा पाक झाला की तो निर्वात पॅनमध्ये शिजवून त्याचा दाणा करायचा, हे माझं काम. 1994 ला रोजंदारीवर लागलो, 2006 ला पॅनमन झालो. पॅन हाऊसला आम्ही चौदा जण होतो. 2019 नंतर पाच उरलो. गेलेल्यांतले काही सीमेपलीकडे कर्नाटकात खासगी कारखान्यांत आहेत. एक टांझानियात आहे, तिकडे आपल्याकडच्या पॅनमनला चांगला भाव असतो. तो दर दिवाळीला कुटुंबाचा फोटो पाठवतो. मी अंगठ्याचं चित्र पाठवतो.

बरीच वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं: थकलेले पैसे. सोडून गेलो तर ते बुडाले. युनियनच्या सभेत एकदा माइक हातात घेऊन मी म्हणालोही होतो, "थकबाकीचा शेवटचा रुपया घेतल्याशिवाय ह्या गेटातून हलणार नाही." टाळ्या पडल्या होत्या. कायदा मला पाठ आहे, उगाच शिकवू नका. पाच वर्षं भरली की राजीनामा देणाऱ्यालाही ग्रॅच्युइटी मिळते, वर्षाला 15 दिवसांच्या पगाराच्या हिशेबानं, आणि ती 30 दिवसांत द्यायची असते. पीएफ पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत भरायचा असतो. आमचा पगारातून 12 टक्के कापला गेला आणि पासबुकात 2017 च्या ऑगस्टनंतर ओळच नाही. म्हणजे कायद्यानं गेलेला आणि राहिलेला सारखाच. पण अकाउंट्सच्या खिडकीशी दोघं सारखे नसतात. आत असलेल्याला दिवाळीला तीन हजार उचल मिळते, पोरीच्या फीसाठी कॅशिअरच्या टेबलाशी उभं राहता येतं. गेलेल्याला गेटवरचा वॉचमन विचारतो, कुणाला भेटायचंय?

साखरेच्या धंद्यात पगाराचा नंबर शेवटचा असतो, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. साखर पोत्यात पडायच्या आधीच बँकेकडे तारण असते. पोतं विकलं की बँक आधी आपलं कापते. मग एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा उसाचा सरकारी किमान दर, जी ऊस आल्यापासून 14 दिवसांत द्यायची असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. मग तोडणी-वाहतूक. त्यातून काही राहिलं तर आम्ही. 2018-19 ला राज्यात शंभर लाख टनांच्या वर साखर झाली, गोदामं भरून वाहत होती आणि भाव पडलेला. सरकारनं किलोला 29 रुपयांचा किमान दर बांधून दिला, फेब्रुवारीत तो 31 केला. त्या दोन रुपयांवर आमच्या घरात तीन दिवस चर्चा चालली होती, जणू ते थेट आमच्याच डब्यात पडणार होते.

तर थकबाकी. हे उत्तर मी सगळ्यांना दिलं आणि मलाही ते पटलेलं होतं. मग 2021 ला कारखाना भाड्यानं गेला. नव्या लोकांच्या करारात एक कलम होतं: जुनी देणी मूळ संस्थेची, आमच्याकडे त्यांचा संबंध नाही. आणि मूळ संस्थेकडे बँकेच्या बोजाशिवाय काहीच नाही. म्हणजे ज्या दोरीनं मी बांधलेला होतो म्हणून सांगत होतो, ती दुसऱ्या टोकाला कुणी धरलेलीच नव्हती. त्या दिवशी निघायला हरकत नव्हती. मी दुसऱ्या दिवशी पहाटे पाळीवर गेलो.

मग मी नवं उत्तर काढलं. वडील सभासद, शेअरसाठी त्यांनी म्हैस विकली होती, हा आपला कारखाना, आपण नाही टिकवायचा तर कुणी. भाषणाला बरं आहे हे. पण वडिलांनीच 2018 ला आमचा दीड एकर ऊस खासगीला घातला, कारण तिथं पंधरवड्यात पैसे मिळत होते. मी चिडलो तर म्हणाले, "तुझा पगार निघंल तवा माझा ऊस घालू की तिकडं." ह्यावर मी काय बोलणार?

आता जे सांगायचं टाळत आलोय ते सांगतो.

जानेवारी 2019, रात्री आठ ते चारची पाळी. ठेकेदारांचे हप्ते थकले म्हणून तोडणीच्या टोळ्या दुसऱ्या कारखान्याकडे निघून गेल्या होत्या. संध्याकाळपासून गव्हाण, म्हणजे ऊस टाकायची जागा, रिकामी. ऊस नाही म्हणजे बगॅस, म्हणजे जाळायचं चिपाड नाही, बगॅस नाही म्हणजे बॉयलर नाही, आणि बॉयलर नाही म्हणजे वाफ गेली आणि टर्बाइनची वीजही गेली. महावितरणची जोडणी बिलापायी आधीच तोडलेली. दहाच्या सुमाराला दाबाचा काटा उतरायला लागला तेव्हा तिन्ही पॅन भरलेले होते.

पॅन म्हणजे दोन माणसं एकावर एक उभी राहिली तरी वर हात पोचणार नाही असं बंद भांडं. आमचे चाळीस-चाळीस टनांचे. आतली हवा ओढून घेतलेली असते, त्यामुळे पाक साठ-पासष्ट अंशालाच उकळतो, करपत नाही. दाणा पुरता वाढला की खालचा व्हॉल्व्ह उघडून सगळा माल क्रिस्टलायझरमध्ये, म्हणजे खालच्या थंड करायच्या टाकीत, सोडायचा. ह्यालाच आम्ही 'पॅन सोडणं' म्हणतो. वेळेत सोडला नाही आणि वाफ गेली, की आतला माल थिजतो. मग तो सुटत नाही, फोडावा लागतो.

पाळीवर चौघं हवे होते. दोघं आलेच नव्हते. मी आणि एक पोरगा, पंचवीस वर्षांचा, चार वर्षं माझ्या हाताखाली तयार झालेला. नाव लिहीत नाही. त्याची नजर काय सांगू! पॅनमधला थेंब काचपट्टीवर घेऊन दिव्यासमोर धरायचा आणि मला चष्म्यातून काही दिसायच्या आत म्हणायचा, "तात्या, खोटा दाणा पडायलाय, पाणी द्या." खोटा दाणा म्हणजे मधेच पडणारा नको असलेला बारीक दाणा. वीस वर्षांनी जे येतं ते त्याला चार वर्षांत आलं होतं.

साडेदहाला तो मोबाइल खिशात ठेवत माझ्याजवळ आला. "तात्या, कर्नाटकातनं फोन आलाय. परवा सकाळी हजर व्हा म्हणत्यात. आत्ता निघालो तर सोलापुरातनं पहाटची गाडी गावंल. काय करू?"

मी पॅनकडे बघितलं. खरं सांगतो, त्याच्याकडे नाही, पॅनकडे. आणि म्हणालो, "भरलेला पॅन टाकून जात नसतात."

तो थांबला. यार्डातला भिजका बगॅस आम्ही बॉयलरवाल्यांबरोबर पाट्यांनी वाहिला, होती नव्हती ती वाफ टिकवली. एक नंबर सोडला. दोन नंबर दोघांनी चाकाला लोंबकळून सोडला, तेव्हा त्याच्या मनगटावर माल उडाला. शिजलेली साखर पाण्यासारखी ओघळत नाही, चिकटून बसते. त्यानं हात पाण्याच्या बादलीत घातला आणि दुसऱ्या हातानं चाक धरून ठेवलं. तीन नंबर निम्मा गेला आणि बसला. पहाटे तीनला मिणमिणत्या बॅटरीत आम्ही भिंतीला टेकून बसलो होतो. वासावरून कळत होतं की आतला माल गेला.

भरलेल्या पॅनचं ठीक आहे. ते काम होतं, तो त्या रात्री गेला असता तर मी एकटा काही करू शकलो नसतो. पण साडेतीनला पॅनपाशी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेव्हा त्यानं पुन्हा विचारलं, "तात्या, जाऊ का मग?" आणि मी म्हणालो, "हंगाम संपू दे. फेब्रुवारीत दोन पगार निघणार आहेत, एमडी साहेबांकडून ऐकलंय."

एमडी साहेबांकडून ऐकलेलं नव्हतं. त्यांच्या ड्रायव्हरकडून ऐकलं होतं.

कर्नाटकातली ती जागा आठवड्यात भरली. फेब्रुवारीत एकही पगार निघाला नाही. मार्चला कारखाना बंद पडला तो दोन वर्षं. पोरगा आठ-दहा महिने वाट बघत राहिला, मग चाकणला गेला. गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. दिव्यासमोर काच धरणारी ती नजर आता खोक्यांवरचे नंबर वाचते.

मी त्याला बांधून ठेवलं नव्हतं. बाप्या माणूस होता, त्याचं तो ठरवू शकत होता. हे मी स्वतःला अनेकदा सांगितलंय आणि ते खोटं नाही. पण त्यानं विचारलं होतं ते मला, कारण मी राहिलेलो होतो. तो गेला असता तर मला माझंच काही तरी चुकल्यासारखं वाटलं असतं. जाणारा प्रत्येक जण राहणाऱ्याच्या तोंडावर एक प्रश्न फेकून जातो. त्या रात्री मला तो प्रश्न नको होता.

आणि दुसरं. चौदातले एकेक जण गळत गेले तसा मी हेड पॅनमन झालो. पगार नसलेला हेड पॅनमन, हसा हवं तर. पण चीफ केमिस्ट माझ्याशिवाय पॅन चढवत नव्हते, चेअरमन नावानं हाक मारत होते. सगळे होते तेव्हा मी आठवा-नववा होतो. बुडत्या जहाजात वरच्या डेकवर जागा मिळते, भाडं लागत नाही. आवडलं मला ते.

बंद असलेल्या दोन वर्षांत आम्ही पाच जण रोज गेटवर जाऊन मस्टरवर सही करायचो, पुढे कोर्टात उपयोग होईल म्हणून. मग लिंबाखाली बसायचं, दुपारी डबा खायचा, घरी यायचं. बायको शिवणकामावर घर चालवत होती. डब्याला झाकण लावताना एकदा म्हणाली, "पगार नसलेल्या नोकरीला मी डबा भरून देतीय, तेवढं मस्टरवर लिहून घ्या म्हणावं." मी हसलो. ती हसली नव्हती.

बाहेर पडायचा प्रयत्न केलाच नाही असं नाही. 2020 ला एका खासगी कारखान्यात ट्रायलला गेलो होतो. तिथं कंटिन्युअस, म्हणजे न थांबता चालणारा पॅन, एसीच्या खोलीत स्क्रीन, ब्रिक्सचा, म्हणजे पाकाच्या दाटपणाचा, आकडा आपोआप येतो, व्हॉल्व्ह आपोआप उघडतो. मी काचपट्टी मागितली. तिथल्या केमिस्ट पोरानं सभ्यपणे ड्रॉवर उचकून एक शोधून दिली. मी थेंब घेतला, दिव्यासमोर धरला, दाणा उत्तम होता. स्क्रीनवरही तसंच लिहिलं होतं. त्यांनी कळवतो म्हणून सांगितलं, मी बसमध्ये बसलो आणि मला चक्क हायसं वाटलं. हे मी घरी सांगितलं नाही. घरी सांगितलं, पगार कमी देतायत.

भाडेकरू आले तेव्हा पहिलं काम निघालं ते तीन नंबरचं. मॅनहोलमधून आत उतरून पहारी मारल्या, गरम पाणी सोडलं, चार दिवस लागले. काळपट, करपट, दगडासारखा माल. पोरगा असता तर दोन दिवसांत झालं असतं, असं मी कुणाला तरी म्हणालो आणि मग गप्प बसलो.

ह्या दसऱ्याला त्याचा फोन आला. माफी मागायची असं मी खूप दिवसांपासून ठरवून ठेवलेलं. तो म्हणाला, "तात्या, तीन नंबरचा गेज अजून अडकतोय का?" म्हटलं, अडकतो, टिचकी मारावी लागते. "टिचकी नाही, खालनं हलवायचा, मी दाखवलं होतं की." मग गेजवरच बोललो पाच मिनिटं. मनगटावरच्या डागाचं मी विचारलं नाही. तुम्ही अजून तिथंच का, हे त्यानंही विचारलं नाही. न विचारणारा तो एकटाच.

सांगोल्याकडच्या एका कारखान्याचं पत्र आलंय. आमच्यासारखे एकेक घाण शिजवून सोडायचे जुने बॅच पॅन आहेत, काचपट्टीवाला माणूस हवाय, वयाची अट नाही. इथले नवे लोक पगार देतात, पण दोन महिने मागं. मागच्या वेळी दोन महिन्यांचे पंधरा कसे झाले ते मी जवळून बघितलंय. बायकोनं पत्र वाचून फडताळात देवाच्या तसबिरीमागं ठेवलंय आणि त्यावर चकार शब्द काढलेला नाही.

सोमवारपर्यंत कळवायचं आहे. सोमवारी मला पहिली पाळी आहे, पहाटे चार ते बारा.